अनोळखी तलावावर गळ टाकायला जाताय? आधी पाणी कुणाचं ते विचारा. दीड दिवसाच्या सहलीची सगळी माहिती एकाच ठिकाणी

करमाळा / इंदापूर : दिवाळी झाली, ऊस तोडीला लागला, रब्बीची पेरणी उरकली की गावोगावच्या पोरांना गळाची आठवण होते. गावच्या ओढ्यावर, पाझर तलावावर काठी घेऊन बसणं वेगळं आणि साठ-सत्तर किलोमीटर लांबच्या मोठ्या जलाशयावर पहिल्यांदाच जाणं वेगळं. गावच्या तलावात खड्डा कुठं, गाळ कुठं, कुणाची मोटार कुठं, हे लहानपणापासून पाठ असतं. परक्या पाण्यावर यातलं काहीच माहीत नसतं. त्यामुळे बऱ्याचदा दोन दिवस जातात, पेट्रोल जातं, मासा मिळत नाही. कधी कधी तर ठेकेदार संस्थेशी भांडण होतं. आणि क्वचित जिवावरही बेततं.

रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) या कार्प जातीच्या माशांसाठी छोटी सहल आखायची असेल तर काय काय बघावं लागतं, याची ही माहिती. उदाहरण म्हणून उजनीचं पाणी घेतलं आहे. बाकी तलावांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पाणी कुणाचं आहे?

पहिला प्रश्न हाच. तलाव सरकारी आहे, म्हणजे कुणीही जाऊन गळ टाकावा, असं नसतं. मोठं धरण आणि त्याची जमीन जलसंपदा विभागाची असते. मासेमारीचा कारभार मत्स्यव्यवसाय विभागाकडे असतो. बऱ्याच तलावांची मासेमारी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेली असते. काही ठिकाणी परवाना पद्धत असते. लहान तलाव जिल्हा परिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा असतो. शेततळं तर सरळ सरळ शेतकऱ्याचंच.

यामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. रोहू, कटला आणि मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. साठलेल्या तलावात ते सहसा प्रजननच करत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन यशस्वी केलं. तेव्हापासून तळ्यात सोडायला बीज तयार करता येऊ लागलं. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच.

म्हणजे आपल्या भागातल्या एखाद्या पाझर तलावात दोन किलोचा रोहू गळाला लागला, तर तो बहुधा कुणीतरी पैसे मोजून बोटुकली म्हणून सोडलेला असतो. संस्थेने ठेक्याची रक्कम भरलेली असते, बीज विकत आणलेलं असतं, राखण केलेली असते. दुसऱ्याच्या उसात शिरून कांडं मोडण्यासारखंच हे झालं. हौसेचा एक मासा आपल्याला किरकोळ वाटतो. पण रविवारी पन्नास जण आले तर त्या संस्थेच्या घरांना ते परवडत नाही.

सायप्रिनसची गोष्ट थोडी वेगळी आहे. हा मासा मूळ इथला नाही. १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत त्याची एक जात आणली गेली आणि १९५७ साली बँकॉकहून दुसरी. साठलेल्या पाण्यातही तो अंडी घालतो, म्हणून तलावात तो आपोआप वाढतो. तरी ठेका असलेल्या तलावात तोही ठेक्यातच येतो.

काय करावं :

- निघायच्या चार दिवस आधी त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करावा. ओळख नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करावी.
- ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारून सचिवाशी किंवा अध्यक्षाशी बोलावं. "दोन काठ्या, दोन माणसं, शनिवार-रविवार" असं स्पष्ट सांगावं.
- काही ठिकाणी शुल्क घेतात. पैसे दिले तर पावती मागून घ्यावी. पावती नसेल तर निदान परवानगीचा मेसेज मोबाईलवर असू द्यावा.
- काठावर जायला कुणाच्या रानातून वाट असेल तर त्या शेतकऱ्यालाही विचारावं. हरभऱ्यातून, कांद्यातून गाडी घालू नये.
- "नाही" म्हणाले तर दुसरं पाणी शोधावं. वाद घालू नये.

टक्का वाचायला शिका

उजनी धरण भीमा नदीवर आहे. भिंत माढा तालुक्यात, काम १९८० साली पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. एका काठाला करमाळा, दुसऱ्या काठाला इंदापूर, आणि वरच्या अंगाला कर्जत-दौंडपर्यंत पाण्याची पाठ गेली आहे.

धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा आणि ५३ टीएमसीच्या वर उपयुक्त साठा. बातम्यांत जो टक्का येतो तो उपयुक्त साठ्याचा असतो. म्हणजे "उजनी शून्य टक्के" याचा अर्थ धरण कोरडं पडलं असा नाही. अर्ध्याहून जास्त पाणी तेव्हाही शिल्लक असतं. त्याच्या खाली गेलं की लोक म्हणतात "धरण मायनसमध्ये गेलं". २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं.

गळ टाकणाऱ्याला हा आकडा का लागतो? कारण उजनीचा काठ बऱ्याच ठिकाणी सपाट आहे. थोडं पाणी उतरलं तरी काठ लांबवर मागे सरकतो. दिवाळीत जिथं रस्त्याच्या कडेला पाणी होतं तिथं मार्चमध्ये नुसता गाळ असतो. मागच्या वर्षी कुणीतरी सांगितलेली जागा यंदा त्याच तारखेला तशीच असेल, याची खात्री नाही.

- पाणी चढतं असेल तर नव्याने बुडालेल्या गवतात, पडीक रानात मासा चरायला येतो. उथळ पाण्यात, काठाजवळही मिळतो.
- पाणी उतरतं असेल तर मासा उथळ जागा सोडून जुन्या नदीपात्राकडे, ओढ्याच्या खोलगट भागाकडे सरकतो. उथळ आणि खोल यांच्या मधला उतार धरावा.
- पाणी एका पातळीवर थांबलेलं असेल तर जागा ओळखायला सर्वात सोपं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे पावसाचा थेंब नसला तरी पुणे जिल्ह्यातल्या वरच्या धरणांतून पाणी सुटलं की उजनी भरायला लागते. त्यासाठी दौंडचा विसर्ग किती आहे ते बघतात. विसर्ग वाढत असेल तर काठाला मुक्काम नको. रात्रीत पाणी गाडीच्या चाकाला लागतं. आणि धरणाच्या भिंतीखालच्या नदीपात्रात तर उतरूच नये. तिथं दरवाजे उघडले की सावरायला वेळ मिळत नाही.

घरी बसून नकाशा बघा

मोबाईलवरच्या नकाशात उपग्रहाचं चित्र लावलं की तलाव वरून दिसतो. ते चित्र बहुतेक वेळा जुनं असतं. पण जुनं आणि पाणी कमी असतानाचं चित्र मिळालं तर फायदाच आहे. आज जे पाण्याखाली आहे ते त्यात उघडं दिसतं. जुनी नदी कुठून वळली, ओढा कुठं मिळाला, बांध कुठं होता, सगळं कळतं.

चित्रात चार गोष्टी शोधाव्यात : ओढा मिळतो ती जागा, पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक, एका बाजूने बंद असलेली शांत खाडी, आणि काठापर्यंत जाणारी गाडीवाट. अशा तीन जागा निवडून त्यांच्यावर खूण करून ठेवावी. एकाच जागेवर भरवसा नको. काठाला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून त्या चित्रांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत.

उजनीत बुडालेली गावं आहेत हेही विसरू नये. पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरलं की वर दिसायला लागतं. मंदिर दिसतं, पण घरांच्या भिंती, विहिरी, झाडांचे बुंधे पाण्याखालीच राहतात. अशा जागी मासा असतो खरा, पण गळही तिथंच अडकतो. आणि बुडालेल्या विहिरीवर माणूस चालत गेला तर गुडघाभर पाण्यातून एकदम तळ नाहीसा होतो.

कोणता मासा पाण्यात कुठं असतो

चारही मासे एकाच तलावात असतात, पण एकाच थरात नसतात. त्यांच्या तोंडाकडे बघितलं की कळतं.

- कटला : डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. वरच्या थरात चरतो. तरंडा लावून आमिष पाण्याच्या वरच्या भागात ठेवावं.
- रोहू : मधल्या थराचा मासा. तळाच्या थोडं वर आमिष असलं तर चांगलं. पहिल्या ओढीला जोर करतो.
- मृगळ : तळाचा मासा. अंग लांबट, तोंड खालच्या बाजूला. तळाला टेकलेलं आमिष घेतो.
- सायप्रिनस : हाही तळाचा. तोंडाजवळ छोट्या मिशा असतात. चिखल उकरून खातो, त्यामुळे तो चरत असेल तिथं पाणी गढूळ होतं आणि बारीक बुडबुडे वर येतात.

याशिवाय चंदेरा आणि गवत्या हे कार्पही काही तलावांत सोडलेले असतात. गवत्या नावाप्रमाणे गवत, पाला खातो. उजनीत चिलापी भरपूर आहे. मक्याचा दाणा गळावर लावला तर चिलापी बारीक टोचा मारत राहते. असं सतत व्हायला लागलं की आमिष मोठं आणि घट्ट करावं.

हंगाम आणि वेळ

- ऑक्टोबर-नोव्हेंबर : पाणी भरपूर, हवा बरी. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी उत्तम काळ. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा चालतात.
- डिसेंबर-जानेवारी : पाणी थंड, मासा सुस्त. पहाटे कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळात ऊन लागून उथळ पाणी कोमट होतं, तेव्हा मासा हलतो. आमिष लहान आणि चारा कमी ठेवावा.
- फेब्रुवारी-मार्च : सायप्रिनस अंडी घालायला काठच्या पाणवनस्पतीत येतो. मासा दिसतो, पण अंड्यावरची मादी सोडून द्यावी.
- एप्रिल-मे : पहाट आणि सूर्य मावळताना. दुपारी मासा खोल जातो. दुपारनंतर वळवाच्या वाऱ्याचा धोका असतो, त्याबद्दल पुढे दिलं आहे.
- जून ते ऑगस्ट : रोहू, कटला, मृगळ यांच्या प्रजननाचा काळ. या दिवसांत सहल टाळलेलीच बरी.

वाऱ्याचीही दिशा बघावी. उन्हाळ्यात, हिवाळ्याच्या शेवटाला वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठाला खाद्य आणि कोमट पाणी गोळा होतं, मासा तिकडे येतो. कडाक्याच्या थंडीत मात्र वाऱ्याच्या आडोशाची, ऊन लागणारी बाजू धरावी.

साहित्य : कमी न्या, पण तपासून न्या

- दोन काठ्या आणि दोन रीळ. एका माणसाला याहून जास्त सांभाळता येत नाही.
- ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस. मागच्या वर्षीचा असेल तर सुरुवातीचा भाग कापून टाकावा. उन्हाने तो ठिसूळ होतो.
- ६ आणि ८ नंबरचे गळ. टोक नखावर घासून बघावं, घसरलं तर बोथट समजावा.
- मधून भोक असलेलं २० ते ४० ग्रॅमचं शिसं. ते दोरीवर सरकतं ठेवलं की माशाला ओझं जाणवत नाही.
- दोन तरंडे, मासा उचलायची जाळी, पक्कड, कात्री.
- डोक्याला लावायची बॅटरी, पाणी, टोपी, गमबूट, प्रथमोपचाराची पेटी.
- वीस मीटर जाड दोरी आणि हवा भरलेली ट्यूब किंवा लाइफ जॅकेट. हे गाडीत नाही, बसल्या जागी जवळ ठेवावं.

रिळाची पकड थोडी ढिली असावी. मोठा मासा धावला की दोरी सुटत गेली पाहिजे. घट्ट आवळून ठेवली तर एक तर तंगूस तुटतो, नाहीतर काठीच पाण्यात जाते.

चारा आणि आमिष

महागड्या पाकिटांची गरज नाही. घरात आणि रानात जे आहे त्यात काम होतं.

*टाकायचा चारा* : एक किलो शेंगदाण्याची पेंड भिजवून फोडावी. त्यात एक किलो गव्हाचा कोंडा आणि मूठभर गूळ मिसळावा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि पाण्यात पडल्यावर सुटावा, इतपतच ओलावा. दोन माणसांना दीड दिवसाला दोन-तीन किलो पुरे. जास्त टाकला तर मासा चाऱ्यावर पोट भरतो आणि गळाकडे बघत नाही.

*मका* : वाळलेला मका दिवसभर भिजवावा, मग नखाने दबेल इतका शिजवावा. कच्चा मका किंवा हरभरा पाण्यात टाकू नये. तो माशाच्या पोटात फुगतो.

*गळावरचं आमिष* : कणीक आणि पेंड एकत्र घट्ट मळून सुपारीएवढा गोळा. मळताना थोडा कापूस घातला तर गोळा गळावर जास्त वेळ टिकतो. सायप्रिनस आणि मृगळ यांना मका, गांडूळही चालतं.

सुरुवातीला चार-पाच गोळे एकाच जागी टाकावेत. नंतर अर्ध्या-पाऊण तासाने एखादा. रोज त्याच पाण्यावर बसणारा माणूस आठ दिवस आधीपासून जागा चारतो. पाहुण्याला तेवढा वेळ नसतो, म्हणून पाहुण्याने चारा कमी आणि जागा अचूक ठेवावी.

दीड दिवसाचं वेळापत्रक

ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला शनिवार-रविवार धरून :

*शुक्रवार रात्र* : मका भिजत घालावा. साठ्याचा टक्का आणि हवामानाचा अंदाज बघावा. घरी जागेचं नाव आणि परतायची वेळ सांगून ठेवावी.

*शनिवार सकाळी ११* : गावात पोचणं. आधी संस्थेच्या माणसाला भेटावं. चहा घेता घेता तीन प्रश्न विचारावेत : जाळी कुठं लावली आहेत, पाय कुठं घालायचा नाही, आणि सध्या मासा कुठल्या बाजूला आहे. यातला दुसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा.

*दुपारी १२ ते २* : गळ बाहेर काढायचा नाही. खुणा केलेल्या तिन्ही जागा नुसत्या बघायच्या. वीस-वीस मिनिटं उभं राहून बुडबुडे, गढूळपणा, माशाची उडी बघायची.

*दुपारी २ ते ३* : जागा ठरली की नुसतं शिसं बांधून पाण्यात फेकायचं आणि ते तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजायचे. वेगवेगळ्या अंतरावर फेकून आकडे लक्षात ठेवायचे. जिथं आकडा एकदम वाढतो तिथं उतार आहे. मग शिसं हळूहळू ओढून घ्यायचं. जड ओढलं तर गाळ, टकटक लागलं तर मुरूम-दगड, अडकून सुटलं तर गवत. गाळ आणि मुरूम जिथं मिळतात ती जागा चांगली.

*दुपारी ३:३० ते अंधार पडेपर्यंत* : चारा टाकून बसायचं. एक काठी उतारावर, एक काठाजवळ. तासाभरात टोचा नाही आला तर दहा पावलं सरकायचं.

*रात्र* : मुक्काम गावात करावा. काठाला झोपणं टाळावं.

*रविवार पहाटे ५:३० ते ९:३०* : कालच्याच जागेवर. चारा तिथं पडलेला असतो, रात्री मासा येऊन गेलेला असतो. सहलीतले हे सर्वात भरवशाचे चार तास.

*सकाळी १०* : आवराआवर. दुपारचं ऊन आणि वाऱ्याच्या आत घरी.

जीव आधी, मासा नंतर

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ही माणसं मासेमारीला नव्हती, रोजच्या वाटेने जात होती. ज्यांना हे पाणी परकं नव्हतं त्यांच्या वाटेवर असं घडलं, तर बाहेरून आलेल्याने किती जपावं, ते समजून घ्यावं.

- बोटीत बसू नये. काठावरूनच गळ टाकावा. बसायची वेळच आली तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर अजिबात नाही.
- गाळात उतरू नये. पाणी मागे हटलेल्या जागी वरून वाळलेली खपली दिसते, खाली कमरेइतका चिखल असतो. अडकलेला गळ सोडवायला किंवा सुटलेला मासा धरायला आत जाऊ नये. गळ दहा-वीस रुपयांचा आहे, तंगूस कापून टाकावा.
- मोटारीच्या केबलपासून लांब. उजनीच्या काठाला शेकडो कृषिपंप आहेत. पाणी सरकेल तशा केबल लांबवलेल्या असतात, जोड उघडे असू शकतात. मोटार असलेल्या जागी पाण्यात पाय घालू नये. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, म्हणून वरच्या तारांखाली काठी उभी करू नये.
- वीज कडाडायला लागली की काठी खाली ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावं. झाडाखाली नको. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर असलं तर आसपास वीज पडण्याची सूचना मिळते.
- साप : काठच्या दगडांत, गवतात हात घालू नये. चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही न करता सरळ दवाखाना गाठावा.
- मगर : सांगली भागात कृष्णाकाठी मगरी आहेत. कोणत्याही नव्या पाण्यावर याबद्दल आधी विचारावं.
- शेततळं : प्लास्टिक कागदाचं तळं सर्वात फसवं. कागद बुळबुळीत असतो, एकदा घसरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शिवाय गळाने कागद फाटला तर शेतकऱ्याचं सगळं पाणी जातं. तिथं न गेलेलं बरं.
- एकट्याने जाऊ नये, दारू पिऊन तर नाहीच. कुणी बुडत असेल तर मागून उडी न टाकता दोरी, ट्यूब, काठी फेकावी.

मोबाईलमध्ये हे नंबर आधीच घालून ठेवावेत : पोलीस आणि तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. आणि स्थानिक संस्थेच्या माणसाचा नंबर. बोट घेऊन सर्वात आधी तोच पोचू शकतो.

मासा लागल्यावर

ठरवून दिलं असेल तेवढेच मासे ठेवावेत. लहान मासा आणि अंड्यावरची मादी सोडून द्यावी. सोडायचा असेल तर हात ओले करून धरावा, तापलेल्या दगडावर टाकू नये. पाण्यात धरून ठेवावा, तो स्वतः ताकद लावून निघेपर्यंत. घरी न्यायचे मासे लगेच साफ करून बर्फात घालावेत. पकडलेले मासे तिथं किंवा बाजारात विकू नयेत. ती परवानगी हौसेची असते, धंद्याची नाही.

एका तलावातला जिवंत मासा दुसऱ्या तलावात नेऊन सोडू नये. बाहेरून आलेल्या माशांनी आपल्या पाण्याचं काय केलं ते मच्छीमार रोज बघत आहेत. सुरुंगाची दारू, विष, करंट असे प्रकार तर गुन्हाच आहेत. कुणी करताना दिसलं तर संस्थेला कळवावं.

निघताना

तंगूसचा एक हातभर तुकडाही काठाला राहू देऊ नये. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, इतर शेकडो पक्षी उतरतात. दोरी पायात गुंतली की पक्षी मरतो. जनावराच्या पोटात गेली की जनावर. प्लास्टिक, बाटल्या सोबत आणाव्यात. उरलेला चारा काठाला टाकून न देता एखाद्या गोठ्यात द्यावा.

आणि निघताना संस्थेच्या माणसाला पुन्हा भेटून, काय मिळालं ते खरं सांगून यावं. नोंदवहीत किंवा मोबाईलमध्ये तारीख, टक्का, वारा, जागा, आमिष एवढं लिहून ठेवावं. पहिल्या खेपेला दोनच मासे मिळाले तरी हरकत नाही. पुढच्या खेपेला ते पाणी अनोळखी राहत नाही आणि काठावरची माणसंही.

थोडक्यात : १) परवानगी चार दिवस आधी. २) साठ्याचा टक्का आणि हवामान आदल्या रात्री. ३) पोचल्यावर पहिले दोन तास फक्त बघायचं. ४) गाळ, केबल, बोट यांपासून लांब. ५) रविवारी सकाळी १० ला आवरायचं. ६) तंगूस आणि कचरा परत घरी.